कंबर कसण्याची गोष्ट

मराठीत 'कंबर कसणे' असा एक वाक्प्रचार आहे. गेली वीस-बावीस वर्षे मी तो मुलांना सांगत आलो आहे. 'एखाद्या कार्यासाठी निश्चयाने सिद्ध होणे' असा त्याचा अर्थ फळ्यावर लिहितो, वाक्यात उपयोग करून दाखवितो आणि पुढच्या वाक्प्रचाराकडे वळतो. पण ज्या कोणी हा वाक्प्रचार प्रथम वापरला त्याची कंबर त्या वेळी दुखत असली पाहिजे, हे माझ्या ध्यानात यायला यंदाचा जुलै महिना उजाडावा लागला.

पाठ आणि कंबर यांच्यावर आपल्या भाषेचा मोठा लोभ आहे. आपण एखाद्याकडे पाठ फिरवतो, एखाद्याची पाठ थोपटतो, नातलगाला पाठीशी घालतो, मागाहून जन्मलेल्या भावाला पाठचा भाऊ म्हणतो. महागाईने आपले कंबरडे मोडते आणि तरीही आपण कंबर कसतो. यात एक गंमत आहे. हे सारे व्यवहार दुसऱ्याच्या पाठीशी चालतात. स्वतःची पाठ स्वतःला कधी दिसत नाही आणि तिच्या मधोमध स्वतःचा हातही पोचत नाही. स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेणे हे निंद्य तर आहेच, पण शरीररचनेच्या दृष्टीने अवघडही आहे. असो.

पिंपळनेर हे आमचे गाव धुळे जिल्ह्याच्या पश्चिम भागात, साक्री तालुक्यात, पांझरा नदीच्या काठी वसलेले. पावसाळ्यात बाहेर पांझरा आणि आत कॉलेजातला पहिल्या वर्षाचा वर्ग, दोन्ही एकदमच भरतात. अशाच एका भरल्या वर्गात सोमवारी दुसऱ्या तासाला माझ्या हातून खडू पडला. खडू काही वजनदार वस्तू नव्हे. तो उचलायला मी वाकलो, आणि वाकलेलाच राहिलो. कमरेत कोणीतरी करकचून पाचर ठोकावी तशी कळ आली. वर्गाला वाटले, सर काहीतरी शोधताहेत. पुढच्या बाकावरच्या दोन भाविक मुली खाली वाकून माझ्याबरोबर शोधूही लागल्या.

दोघा सहकाऱ्यांनी मला घरी पोचविले. आमच्या सौभाग्यवतींनी दार उघडले, तो एका बाजूला इतिहास, दुसऱ्या बाजूला अर्थशास्त्र आणि मध्ये वाकलेली मराठी, असा देखावा! ती घाबरली असेल असे मला वाटले होते. पण तिने विचारले ते एवढेच, "काय उचललंत?"

"खडू," मी म्हणालो.

हे उत्तर पुढे आठ दिवस मला प्रत्येक भेटणाऱ्याला द्यावे लागले आणि प्रत्येकाने आपले हसू आपापल्या शक्तीप्रमाणे आवरले.

कंबर धरली म्हणजे माणूस आडवा होतो आणि त्याचे हितचिंतक उभे राहतात. कोणी निर्गुंडीचा पाला आणला. कोणी भाजलेल्या मिठाची पुरचुंडी शेकायला सांगितली. घरात अमृतांजन होतेच. १८९३ साली मुंबईत जन्मलेली ही पिवळी बाटली कपाळासाठी म्हणून घरात येते आणि पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळीकडे फिरून येते. मला वडिलांचे बेलाडोना प्लास्टर आठवले. भोकाभोकांचे ते प्लास्टर आठवडाभर त्यांच्या कमरेला चिकटून असायचे, आणि ते काढण्याच्या दिवशी घरातली सगळी माणसे काहीतरी काम काढून बाहेर जायची. दुखणे परवडले, पण प्लास्टर काढणे नको, असे ते म्हणत.

शेजारच्या म्हाताऱ्या आजींनी मात्र या सगळ्या उपायांकडे तुच्छतेने पाहिले. त्या उंबऱ्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "काय व्हयनं भाऊ? उसन भरनी व्हई. पायाळू बलाव!"

शहरातल्या वाचकांसाठी खुलासा केला पाहिजे. जन्मताना जे मूल पायाकडून बाहेर येते ते पायाळू. अशा माणसाला जमिनीतले गुप्तधन दिसते, त्याच्यावर वीज पडण्याची भीती असते, अशा नाना समजुती आपल्याकडे आहेत. त्यांपैकीच एक अशी की, पायाळूने दुखऱ्या कमरेला लाथ मारली म्हणजे उसण निघून जाते. आजींचा शब्द मोडवेना. शोध झाला. गल्लीतल्या पोरांनी अर्ध्या तासात एक पायाळू हजर केला. मी पालथा होतो. मान वळवून पाहिले, तर दारात आमच्याच दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी उभा. अंतर्गत परीक्षेत मी त्याला वीसपैकी सात गुण दिले होते.

"सर, मी नंतर येऊ का?" त्याने विचारले.

"नंतर कशाला? आलायस तर मारून जा," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

त्याने चपला काढल्या, पाय धुतले, आत येऊन माझ्या पायांवर डोके ठेवले आणि मग "माफ करा सर," असे म्हणून कमरेत तीनदा लाथ मारली. आधी नमस्कार आणि मग लाथ, हा क्रम गुरुशिष्य परंपरेत नवा नसेलही, पण तो इतका उघडपणे क्वचितच पाळला जातो. लाथ कसली, त्याने तळव्याने हलकेच दाबल्यासारखे केले. आणि वाचकहो, कबूल करायला संकोच वाटतो, पण पंधरा-वीस मिनिटे मला खरोखरच बरे वाटले. मग कळ पूर्ववत.

तिसऱ्या दिवशी साक्रीवरून धुळ्याला गेलो. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याशी माझी ओळख झाली. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाई वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा होत्या. आपल्या देशात हे शास्त्र शिकवायला सुरुवात झाली ती मुंबईच्या केईएम रुग्णालयात, १९५२ च्या सुमारास, पोलिओने मुलांचे पाय लुळे करून टाकले होते त्या काळात. आता ते तालुक्याच्या गावापर्यंत पोचले आहे, ही समाधानाची गोष्ट.

बाईंनी आधी माझी उलटतपासणी घेतली. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे का? लघवी-शौचावरचा ताबा गेल्यासारखा वाटतो का? ताप आहे का? वजन उगीच घटले आहे का? कुठून पडलात का? यातले एकही 'हो' असते, तर हा उपाय बाजूला ठेवून आधी मोठ्या डॉक्टरांकडे पाठवले असते, असे त्यांनी सांगितले. घरोघरच्या मंडळींनी ही प्रश्नावली पाठ करून ठेवावी, म्हणून मुद्दाम येथे देत आहे. माझी सगळी उत्तरे नकारार्थी आली. मग त्यांनी खणातून निळ्या रंगाच्या पट्टीचे एक रीळ काढले.

मला वाटले, हे बेलाडोनाचे नातवंड असावे. पण नाही. ही पट्टी सुती कापडाची. तिच्यात लवचिक धागे विणलेले असतात, त्यामुळे ती लांबीला ताणली जाते आणि कातडीसारखीच पुन्हा आखडते. मागे नागमोडी रेघांनी डिंक लावलेला. औषध मात्र थेंबभरही नाही. बाईंनी मला जमेल तितके पुढे वाकायला सांगितले. पट्टीचे तुकडे कापून त्यांचे कोपरे गोल केले, म्हणजे ते कपड्याला अडकून सुटत नाहीत. कण्याच्या दोन्ही अंगांना, कमरेपासून वर, एकेक उभी पट्टी आणि जिथे दुखत होते तिथे एक आडवी. मधला भाग थोडा ताणून आणि दोन्ही टोके अजिबात न ताणता. वरून तळहाताने चोळले, कारण त्या उबेने डिंक धरतो. मी सरळ झालो तेव्हा पट्टीखालच्या कातडीला बारीक सुरकुत्या पडल्या होत्या.

"चार दिवस राहू द्या. आंघोळ चालेल, पण घासू नका. खाज सुटली तर लगेच काढा," बाई म्हणाल्या. "काढताना ओढायची नाही. तेल लावायचं, सैल करायची आणि केसांच्या दिशेनं हळूहळू सोडवायची. आणि लावायच्या आधी अंगाला तेल नको, नाहीतर धरणार नाही."

वडिलांना कोणी हे तेलाचे रहस्य सांगितले असते, तर आमच्या घरची किती आरडाओरड वाचली असती!

मी टेबलावरून उतरलो, आणि चक्क सरळ चाललो. दाराशी जाऊन परत आलो. पुन्हा गेलो. येताना कण्हत आलेला माणूस जाताना एस.टी.त उभा राहून गेला, यावरून काय ते समजा.

मग माझे ज्ञान वाढू लागले. ही पट्टी जपानची. केन्झो कासे नावाच्या, हाताने सांधे-मणके बसविणाऱ्या एका वैद्याने १९७० नंतरच्या दशकात ती तयार केली. पुष्कळ वर्षे तिला फारसे कोणी विचारीत नव्हते. २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये केरी वॉल्श ही अमेरिकन खेळाडू वाळूवरचे व्हॉलिबॉल खेळताना खांद्यावर काळ्या पट्ट्यांची नक्षी लावून उतरली आणि सुवर्णपदक घेऊन गेली. तेव्हापासून जगभरच्या खेळाडूंच्या अंगावर निळे, गुलाबी, काळे पट्टे दिसू लागले.

आमच्या स्टाफरूममध्ये या विषयावर दोन तास खर्ची पडले. खेळाडूच्या पाठीचा विषय निघाला की १९९९ सालची चेन्नईची कसोटी निघणारच. पाकिस्तानविरुद्ध २७१ धावा हव्या होत्या. सचिन तेंडुलकर पाठीतल्या चमका सोसत १३६ पर्यंत पोचला, बाद झाला आणि आपण अवघ्या १२ धावांनी हरलो. "त्या दिवशी ही पट्टी असती तर?" असा प्रश्न अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी टाकला आणि स्टाफरूम क्षणभर गंभीर झाली. पंचवीस वर्षे उलटून गेली, पण त्या १२ धावा महाराष्ट्राने अजून माफ केलेल्या नाहीत.

वर्गात तर मी पट्टीचा प्रचारकच झालो. वीस वर्षांच्या अध्यापनात मुलांनी माझे इतके एकाग्रतेने कधी ऐकले नव्हते. पट्टीचा इतिहास, पट्टीचे शास्त्र, आणि शेवटी टेबलाभोवती एक फेरी. 'जादू' हा शब्द मी वापरला होता. तो मला नंतर फार महागात पडला.

चार-पाच दिवसांनी तो पायाळू विद्यार्थी तास संपल्यावर दाराशी थांबला. त्याने खिशातून घडी करून ठेवलेले साडेतीनशे रुपये काढले.

"सर, तुम्ही धुळ्याला परत जाणार ना? माझ्यासाठी त्या पट्टीचं एक रीळ आणाल?"

"तुझी कंबर दुखते?"

"माझी नाही. आईची. तीन वर्षं झाली."

हा मुलगा सकाळी कॉलेज करून दुपारी एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांद्याच्या गोण्या भरतो, हे मला त्या दिवशी कळले. त्याची आई त्याच खळ्यावर कांदा निवडते. वीसपैकी सात गुण मी त्याला का दिले होते, तर त्याची वही अपुरी होती. ती अपुरी का होती, हे मी विचारले नव्हते.

मी पैसे घेतले आणि पुढच्या खेपेला धुळ्याला मोठ्या ऐटीत बाईंना म्हणालो, "आणखी एक रीळ द्या. तीन वर्षांच्या दुखण्यावर किती दिवस लावावी लागेल?"

बाईंनी रीळ काढले नाही. "कोण लावणार? काम काय करतात त्या?" त्यांनी विचारले. मी सांगितले. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "सर, या पट्टीनं तीन वर्षांचं दुखणं जात नाही."

"पण माझं गेलं ना?"

"तुमचं बहुधा तसंही गेलं असतं. असली उसण बहुतेकांची काही आठवड्यांत उतरते. पट्टीनं तुम्हाला धीर आला, तुम्ही हालायला लागलात, आणि हालण्यानं बरे झालात."

मग त्यांनी सांगितले ते मी शक्य तितके त्यांच्याच शब्दांत देतो. २०१४ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी एक परीक्षा घेतली. कंबर तीन महिन्यांहून अधिक काळ दुखत असलेली १४८ माणसे निवडली. निम्म्यांना ही पट्टी शास्त्रोक्त ताण देऊन, सुरकुत्या पाडून लावली. उरलेल्यांना तीच पट्टी, पण ताण न देता, नुसती चिकटवली. चार आठवड्यांनी पाहिले तर दोन्हीकडे आराम जवळपास सारखाच. म्हणजे ज्या ताणाचे आणि सुरकुत्यांचे मी वर्गात एवढे रसभरित वर्णन केले होते, त्यांचा काही वेगळा गुण दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख माणसांची कंबर दुखत होती. त्या संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल सूचना काढल्या. व्यायाम करा, दुखणे समजून घ्या, असे त्यांत आहे. कमरेचे पट्टे सरसकट वापरू नका, असेही आहे.

"मग माझ्या विद्यार्थ्याची लाथ आणि तुमची पट्टी यांत फरक काय?" मी जरा रागानेच विचारले.

"फरक आहे ना," त्या हसून म्हणाल्या. "पट्टीला परीक्षेला बसवलं आणि तिला किती गुण पडले ते छापून आलं. लाथ अजून परीक्षेलाच बसलेली नाही."

परीक्षकाच्या धंद्यातल्या माणसाला हे उत्तर मान्य करावेच लागले.

मग दोन्हींनी क्षणभर का होईना बरे का वाटते? त्याचेही कारण त्यांनी सांगितले. मूल पडले की आई आपटलेल्या जागी हात फिरवते. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी त्याची एक उपपत्ती मांडली. मज्जारज्जूत जणू एक दार असते. स्पर्शाचा निरोप आधी पोचला की वेदनेच्या निरोपाला ते दार थोडे लोटून घेते. पट्टीचा स्पर्श दिवसभर कातडीला असतो, लाथेचा तीन क्षण, इतकेच. "म्हणून मी पट्टी लावते," बाई म्हणाल्या. "खोटं सांगून नाही. उठायला भिणारा माणूस तिच्या आधारानं उठतो. पण पुढे व्यायाम केला नाही आणि काम तसंच राहिलं, तर पट्टी काय करणार?"

"हे मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"आज सांगणारच होते, सर. तुम्ही आधीच वर्गात सांगून मोकळे झालात!"

परतीच्या एस.टी.त मला बसवेना, आणि या वेळी दोष कमरेचा नव्हता. शिक्षकाचा शब्द फार स्वस्तात खपतो. मुलाने रोजच्या मजुरीतून साडेतीनशे रुपये काढले, ते माझ्या 'जादू' या एका शब्दावर. निबंधात मुलांनी अतिशयोक्ती केली की मी लाल रेघ मारतो. माझ्या अतिशयोक्तीवर लाल रेघ कोण मारणार?

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून पैसे परत केले आणि झाले ते सांगितले. तो रागावला नाही. "म्हणजे आईला उपाय नाही," एवढेच म्हणाला. ते वाक्य मला लाथेपेक्षा जास्त लागले.

"तिला आधी दवाखान्यात दाखवू," मी म्हणालो. "आणि ती काम कशी करते ते मला बघू दे."

पावसाळ्यात आमच्याकडे कांद्याची खळी गजबजलेली असतात. उन्हाळ्यात काढून चाळीत भरलेला कांदा बाहेर निघतो, खळ्यावर त्याचे ढीग पडतात, आणि बायका तो निवडतात. मोठा माल एकीकडे, मध्यम एकीकडे, गोल्टी एकीकडे, खराब झालेली खाद एकीकडे. अकरा बायका गोणपाटाची घडी अंगाखाली घेऊन जमिनीवर बसल्या होत्या. ढीग समोर, टोपल्या बाजूला. प्रत्येक कांद्यासाठी पुढे वाकायचे, उचलायचा, कंबरेतून वळायचे, टाकायचा. मी घड्याळ लावून एक मिनिट मोजायला गेलो आणि अर्ध्यावरच सोडून दिले. मी एका खडूसाठी एकदा वाकलो होतो आणि त्याची गोष्ट सगळ्या गावाला सांगितली होती.

"ताई, कंबर कधीपासून दुखते?" मी त्याच्या आईला विचारले.

त्या पदर सावरून म्हणाल्या, "दुखतं थोडं. पण बसून काम आहे सर, बसून काम करताना काय दुखायचं, असं सगळे म्हणतात."

ओझ्याचा विचार तरी जगाने केला आहे. एका माणसाच्या पाठीवर ५५ किलोपेक्षा जास्त भार नसावा, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच केली. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र केले आणि १९६९ साली आपल्या राज्यात माथाडी कायदा झाला. पण दिवसभर वाकून बसण्याला वजन नसते. ते कोणत्याच काट्यावर दिसत नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात त्यांना दाखवले. भिण्यासारखे काही निघाले नाही. धुळ्याच्या बाईंनी मला कागदावर चारच ओळी लिहून दिल्या होत्या. माल जमिनीवरून कमरेच्या उंचीवर आणा. अर्ध्या तासाने उठून दहा पावले चाला. वळताना कंबर पिळू नका, पाय वळवा. रोज दहा मिनिटे सांगितलेला व्यायाम करा. व्यायामांत भुजंगासन आणि शलभासन यांचे सौम्य अवतार होते. ते पाहून मला आमचे खानदेशचे नाते आठवले. स्वामी कुवलयानंद पूर्वाश्रमी अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि आसनांचा परिणाम क्ष-किरणांनी तपासून पाहण्याचा उद्योग आरंभला. श्रद्धेची गोष्टसुद्धा परीक्षेला बसवायची, ही रीत म्हणजे आपल्याला परकी नव्हे.

आमच्या घरी दुरुस्तीत काढलेले एक जुने सागवानी दार पडून होते. त्या मुलाने आणि त्याच्या दोघा मित्रांनी ते खळ्यावर नेले आणि रिकाम्या क्रेटवर आडवे टाकले. झाले टेबल! व्यापाऱ्याने आधी कपाळाला आठ्या घातल्या. "माल कमी निघाला तर दार परत घेऊन जा," असे त्याने बजावले. माल कमी निघाला नाही. दार अजून तिथेच आहे. पण दाराशी चारच बायका उभ्या राहू शकतात आणि बायका अकरा आहेत. त्या पाळीपाळीने उभ्या राहतात. बाकीच्या सात जमिनीवर असतात. तेव्हा मोठा पराक्रम झाला असे कोणी समजू नये.

तीन आठवड्यांनी मी त्या मुलाला विचारले. "दुखणं गेलं नाही सर," तो म्हणाला, "पण रात्री कूस बदलताना आता ओरडत नाही." मी माझ्या रिळातली उरलेली पट्टी त्याच्याकडे दिली, आणि ती काय करते व काय करीत नाही हे या वेळी नीट समजावून दिली. आता त्याची बहीण चार दिवसांनी आईच्या कमरेला पट्टी लावून देते. त्या माउलीने सगळे ऐकून घेतले आणि निरोप पाठवला, "गुण नसला तर नसू द्या. लावताना पोरगी दोन घटका जवळ बसते. पुढच्या वेळी लाल रंगाची मिळाली तर बघा."

त्या मुलाला दुसऱ्या अंतर्गत परीक्षेत चौदा गुण मिळाले. त्याने वही पुरी केली म्हणून. लाथेचा याच्याशी काही संबंध नाही.

माझी कंबर आता बरी आहे. सकाळी दहा मिनिटे पालथे पडून व्यायाम करतो, उत्तरपत्रिका तपासताना दर अर्ध्या तासाने उठतो, खडू गुडघे वाकवून उचलतो. यंदा दिवाळीची साफसफाई मात्र माझ्या हातून होणार नाही, अशी मी मनाशी खूणगाठ बांधली होती. परवा सौभाग्यवतींनी माळ्यावरचे फराळाचे डबे काढायला सांगितले. मी चेहरा शक्य तितका करुण करून कमरेवर हात ठेवला.

"अहो, पट्टी कुठे आहे?" तिने विचारले.

"देऊन टाकली."

"मग दुखणंही त्याच्याबरोबर गेलं. उठा, आता कंबर कसा!"

वाक्यात उपयोग इतका अचूक मी वीस वर्षांत एकदाही करून दाखविला नव्हता. मी निमूटपणे शिडी लावली.